बसनं गेलेला फरार

केस निकाली निघाली, म्हणून आता सांगायला हरकत नाही. काही दिवस मी फरार होतो. आमच्या सडक अर्जुनीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, मला सोडून.

झालं काय, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, शेजाऱ्याशी भांडण झालं. मी त्याला ढकललं, त्याचा दात पडला. कोर्टानं जामीन दिला. मामानं आपल्या शेताचा सातबारा लावून माझी हमी घेतली. अटी दोन: दर तारखेला यायचं आणि परवानगीशिवाय देशाबाहेर जायचं नाही. दुसरी ऐकून मला हसू आलं. मी रायपूरच्या पुढं कधी गेलो नव्हतो, परदेशी काय जाणार?

पुढं आमच्या विहाराची बस निघाली. बोधगया, कुशीनगर, लुंबिनी. आईसोबत मीही बसलो आणि तारीख डोक्यातून साफ गेली. वाटेत एक नाका लागला. देवरीच्या पुढं छत्तीसगडचा लागतो तसाच, मला वाटलं.

लुंबिनीत, बुद्ध जन्मले त्या जागी, आई हात जोडून उभी राहिली. मी बडबड्या माणूस, पण तासभर तोंडून शब्द फुटला नाही. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

परतताना नाका ओलांडला आणि मामाचा फोन आला.

"हाय कुठं तू? तुह्या नावाचं वॉरंट निघालं. मले नोटीस आली, का शेत काऊन जप्त करू नये म्हणून."

"लुंबिनीहून येऊन राहिलो ना, मामा."

मामा हळूच म्हणाला, "अबे, ते नेपाळात हाय."

वकिलानं सांगितलं, तारखेला हजर न राहणं हाच वेगळा गुन्हा, जामीन रद्द होऊन आत जावं लागेल. बसमधून उतरलो तो थेट कोर्टात. न्यायाधीश मॅडम इतक्या हळू बोलत की सगळं कोर्ट श्वास रोखून ऐके.

"देशाबाहेर गेला होतात?"

"नाही मॅडम, बसनं गेलो होतो."

त्या हसल्या नाहीत. खाली मान घालून लिहीत राहिल्या. त्या एका पेनात मामाचं शेत होतं आणि माझी कोठडीही. शेवटी वॉरंट रद्द केलं, मामाला मोकळं केलं, मला समज दिली आणि पासपोर्ट जमा करायला सांगितलं.

पासपोर्ट नव्हताच. तसं प्रतिज्ञापत्र घेऊन कारकुनाकडे गेलो. त्यानं ते दोनदा वाचलं आणि उठून मला खुर्ची दिली. "बिना पासपोर्टचे परदेशी पळाले होते, ते हे," असं त्यानं शेजारच्याला सांगितलं. बाकीचेही बघायला आले.

आणि मी, लाजायचं सोडून, पायावर पाय टाकून बसलो.