खो ऐकणारे कान

मैदानाच्या कडेला रोज संध्याकाळी खुर्ची मांडून बसणाऱ्या मनुष्याला किस्से शोधण्यासाठी कोठेही जावे लागत नाही. ते धुळीसारखे आपोआप अंगावर साचतात, आणि घरी जाऊन झटकले तरी थोडे उरतातच. हुडकेश्वरच्या आमच्या मैदानावर मुलींचा खो-खोचा संघ सराव करतो. त्या सरावाची वेळ पाहणे आणि नियमांवरून वाद झाल्यास निवाडा देणे ही कामे माझ्याकडे आहेत. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सर्व शिक्षण मी लकडगंजातील एका लाकडाच्या वखारीत नोकरी करता करता, दुपारच्या सुट्टीत पुस्तके वाचून स्वतः घेतले, आणि त्यात मला कोणी नापास केल्याचे स्मरत नाही. मुली मला आबाजी म्हणतात.

*

तन्वी ही संघातील सर्वांत चपळ मुलगी. वय सोळा. तिच्या कानांत सदैव इयरबड्स असत, आणि गाणे इतके मोठे की शेजारी उभ्या असलेल्यालाही त्यावर ताल धरता यावा.

एके संध्याकाळी ती मैदानाला फेऱ्या मारीत असताना एक म्हैस दावे तोडून आत शिरली आणि तिच्या मागोमाग धावू लागली. आम्ही सर्व जण हात हलवून ओरडलो. तन्वीला वाटले, आम्ही तिच्या वेगाचे कौतुक करीत आहोत. तिनेही हसून हात हलवला आणि वेग वाढवला. म्हशीनेही वाढवला. अखेर म्हैसच कंटाळून गवताकडे वळली.

तन्वीची मैत्रीण आचल तिच्याजवळ गेली, तिच्या कानातील एक बड स्वतःच्या हाताने काढला आणि म्हणाली, "अभिनंदन वं. तू पहिली, म्हैस दुसरी."

"कोणती म्हैस?" तन्वीने विचारले.

*

त्यानंतर मी मुलींसमोर एक छोटे व्याख्यान दिले. कानाच्या आत अतिशय सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मोडतात आणि एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत, हे मी वाचले होते आणि तसेच सांगितले.

आचल माझ्या डोक्याकडे पाहत म्हणाली, "आबाजी, तुमचेही नाही उगवले."

सगळ्या हसल्या. मी टोपी काढून हातात घेतली आणि म्हणालो, "म्हणूनच अधिकाराने सांगतो. माझे झाकायला टोपी आहे. तुमच्या कानांतले झाकायला काय आहे?"

हशा थांबला. इयरबड्स मात्र थांबले नाहीत.

*

तन्वीची आई सुनंदाबाई एकदा मैदानावर आल्या. मुलीची तक्रार घेऊनच आल्या होत्या.

"काकाजी, हे पोरगी माजली. मी सयपाकघरातून हाक मारून राहिली, हे बाजूच्या खोलीत, अन् उत्तर नाही. शेवटी मी तिले फोन लावतो. घरातल्या घरात फोन."

"फोन उचलते?"

"लगेच."

मी विचारले, "बड कानात नसतानाही हाक ऐकू येत नाही?"

त्या म्हणाल्या, "परवा मी पाण्यासाठी खाली गेली होती. तिले म्हटलं, शिट्ट्या झाल्या की कुकर बंद कर. कानात काही नव्हतं तिच्या. मी वर आली तर कुकर ओरडून राहिला, डाळीचा लगदा झाला, अन् हे ओट्याजवळच पुस्तक घेऊन बसलेली. म्हणते, शिट्टी झालीच नाही."

 बारीक, उंच स्वर कानातून सर्वांत आधी जातात, हेही मी वाचले होते.

*

पुढच्याच आठवड्यात मौद्याचा एक संघ मैत्रीपूर्ण सामन्यासाठी आला. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: आठ जणी एका रांगेत बसतात आणि नववी प्रतिपक्षाच्या पळणाऱ्यांमागे धावते. तिने बसलेलीच्या पाठीला मागून हात लावून खो म्हणायचे. तेव्हाच बसलेलीने उठून पुढचा पाठलाग करायचा. बसलेलीला मागचे दिसत नाही. तिचा सगळा भरवसा कानांवर.

तन्वीला पहिला खो मिळाला तेव्हा ती बसूनच राहिली. प्रशिक्षक मेश्राम मॅडम कडेवरून ओरडल्या. दुसऱ्या वेळी ती पाठीला हात लागताच, शब्द उच्चारला जाण्यापूर्वीच उठली. फाउल. तिसऱ्या वेळीही तेच. आम्ही हरलो.

"तुले काय घाई असते गं एवढी?" मॅडम म्हणाल्या. "अशानं जिल्ह्याच्या सामन्यात तू बाहेर बसशील."

जिल्ह्याच्या सामन्यासाठी ती मुलगी वर्षभर पहाटे उठत होती. तरीही तिने मान खाली घालून सांगितले, "हो मॅडम, घाई झाली."

सगळ्या गेल्यावर मी तिला विचारले, "खरे कारण का सांगितले नाहीस?"

"घाई म्हटलं तर रागावतात, आबाजी. ऐकू नाही येत म्हटलं तर काढतीलच. अन् पोरी बहिरी म्हणतील, ते वेगळं."

*

तिला एकटीला कानाच्या डॉक्टरकडे नेले असते तर ती आली नसती. म्हणून मी मेश्राम मॅडमना सुचविले की संपूर्ण संघाचीच तपासणी करावी, आणि सर्वांत आधी मी स्वतः बसलो. एका लहान बंद खोलीत कानांवर हेडफोन लावतात. आवाज आला की हातातले बटन दाबायचे.

आचल आत गेली आणि धडाधड बटन दाबू लागली. डॉक्टरीणबाईंनी दार उघडून म्हटले, "बाळा, मी अजून मशीन सुरू केलेलं नाही."

"मी म्हटलं, आधीच दाबून ठेवावं," आचल म्हणाली.

तन्वी बाहेर आली तेव्हा मात्र कोणी विनोद केला नाही. तिला दोन्ही कानांनी उंच स्वर कमी ऐकू येत होते. डॉक्टरीणबाई स्पष्टपणे म्हणाल्या, "गेलेलं मी परत आणू शकत नाही. पण बरंच शिल्लक आहे, आणि ते टिकवणं तुझ्या हातात आहे. खेळायला माझी काहीच हरकत नाही."

तन्वीसोबत आलेल्या सुनंदाबाईंनी मुलीचा हात धरला. मग त्या एवढेच म्हणाल्या, "म्हणजे माजली नव्हती माही पोरगी."

*

दुसऱ्या दिवशी मेश्राम मॅडम माझ्या खुर्चीजवळ आल्या. "आबाजी, खो कोणत्या आवाजात द्यायचा, असं काही नियमात आहे का?"

नियमावली मला तोंडपाठ आहे. "स्पष्ट आणि सर्वांना ऐकू जाईल असा द्यावा, एवढेच आहे. किंचाळून द्यावा असे कोठेही नाही."

त्या दिवसापासून आमच्या मुली पोटातून, जाड आवाजात खो देऊ लागल्या, कारण खालचे स्वर तन्वीला उत्तम ऐकू येत. पहिल्या संध्याकाळी आसपासच्या घरांतील मंडळी गच्चीवर आली. एका गृहस्थाने मला विचारले, "काय गा, पोरींच्या जागी बाप लोक खेळून राहिले काय?"

"मुलीच आहेत," मी म्हणालो. "जिंकणाऱ्या."

सगळ्यांचेच इयरबड्स आता मैदानाबाहेर राहू लागले, आणि घरी गाणे लागले तरी शेजारच्याला ऐकू जाईनासे झाले. आचलने त्याबद्दलही तक्रार केली: "आबाजी, आता आईच्या शिव्या पूर्ण ऐकू येतात. आधी अर्ध्याच यायच्या."

*

जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात समोर मौद्याचाच संघ आला. त्यांच्या समर्थकांनी ढोल आणले होते. तन्वी रांगेच्या मध्यभागी बसली होती. शेवटच्या डावात जिंकण्यासाठी आम्हाला त्यांची आणखी एकच खेळाडू बाद करायची होती आणि वेळ संपत आली होती. आमची आचल पाठलागावर होती. ती तन्वीच्या मागे आली, हात टेकवला, आणि त्या ढोलांच्या खालून तिचा जाड खो आला. तन्वी ना आधी उठली, ना नंतर. उठली ती थेट झेपावली, आणि पळणाऱ्या मुलीच्या टाचेला तिची बोटे लागली.

पंचांनी शिट्टी फुंकली. तन्वीने जमिनीवर पडल्यापडल्याच माझ्याकडे पाहिले. मी दोन्ही हात वर केले. मेश्राम मॅडम धावत मैदानात गेल्या.

*

संध्याकाळी वस्तीतल्या मंडळींनी मिरवणुकीसाठी स्पीकर लादलेली एक गाडी आणली. गाडीवाल्याने आवाज असा सोडला की समोरच्या दुकानाचे शटर थरथरू लागले. मुली गुलालाने माखलेल्या होत्या. तन्वी त्यांच्यातून बाहेर आली, गाडीवर चढली आणि तिने स्वतःच्या हाताने आवाजाचे बटन मागे फिरविले.

गाडीवाला म्हणाला, "काहून वं? गाणे नाही आवडत का तुले?"

"लय आवडते. म्हणूनच."

"एवढ्याशा आवाजावर कोण नाचणार?"

"मी," ती म्हणाली, आणि खाली उडी मारून नाचू लागली.