मादन हिप्परग्याचा स्मार्ट गीझर

“मॅडम, पाणी आजबी गारच हाय. आईनं परत न्हाणीतली चूल पेटवली.”

सलग तिसऱ्या सकाळी कावेरीचा फोन. पहिल्या बाळंतपणासाठी ती मादन हिप्परग्याला माहेरी आली होती. तिला दमा. चुलीचा धूर उठला की धाप लागायची आणि सासरचे तिला बाळासकट परत न्यायचं म्हणत होते. गीझर मी बसवलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आळंदमध्ये वीस वर्षं मी गीझर आणि सोलर बसवते. कावेरीच्या भावानं, महेशनं, बेंगळुरूहून मोबाईलवर चालणारा स्मार्ट कंट्रोलर पाठवला होता. पहाटे पाचला गीझर आपोआप चालू, सहाला बंद. दोनदा भरदुपारी जाऊन तपासला. एकदम ओके. तरी सकाळी पाणी गार!

चौथ्या दिवशी उजाडताच जाऊन धडकले. न्हाणीबाहेरच्या बोर्डावर गीझरचं बटन बंद.

“हे कुणी बंद केलं?”

“म्या,” कावेरीचे वडील, अप्पा, शांतपणे म्हणाले. “झोपताना घरातली सगळी बटनं बंद करतो. रोजच.”

“कामून हो अप्पा?”

“बटन चालू ठिवून झोपत्यात व्हय कुणी?”

सकाळी सातला कावेरीची आई बटन दाबायची, पण तोवर पाच ते सहाची वेळ उलटलेली असायची. मग कंट्रोलर बिचारा दुसऱ्या दिवशीच्या पाचची वाट बघत बसायचा. मी दुपारी जायचे तेव्हा बटन चालूच असायचं, म्हणून मला काही दिसलं नाही. चूक माझीच.

महेशला फोन लावला. तो म्हणाला,

“अप्पांना सांगा की, हात लावू नका म्हणून. न्हाईतर बटनाला टेप मारा.”

“जुन्या वायरिंगच्या घरात अप्पांची सवय चांगलीच आहे. आपण कंट्रोलर बदलू.”

“मॅडम, दुनिया पुढं जायलीय, तुम्ही मागं जायलात!”

झोंबलं. पण निघून न जाता शिवक्कांची वाट बघत बसले. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या त्या बाई. दुसऱ्या घरचं आटपून येतात, कधी आठ, कधी साडेनऊ. आल्या की आधी तेल लावून मालिश, मग आंघोळ. मी घड्याळ लावलं. मालिशला चाळीस मिनिटं. गीझरला तापायला अर्धा तास. मग टायमर हवाच कशाला?

दुपारी साधा थर्मोस्टॅट बसवला. पाणी ठरवलेल्या आकड्याला पोचलं की हा करंट तोडतो, गार झालं की जोडतो. आकडा दिसेल असा डिस्प्ले न्हाणीबाहेर लावला. शिवक्का उंबऱ्यात आल्या की आईनं बटन दाबायचं, बस्स.

दुसऱ्या दिवशी स्वतः उभी राहिले. मालिश संपली. शिवक्कांनी बादलीत बोट बुडवलं आणि झटकन काढलं.

“अगंबाई, लई कडक हाय! विसण आण गं!”

विसणाला गार पाणी मागितलं, याहून मोठं सर्टिफिकेट मला आजवर मिळालं नाही. चूल त्या दिवसापासून पेटली नाही. कावेरी पुरे तीन महिने माहेरी राहिली. खरं सांगते, अजून तिचं नाव निघालं की माझी मान ताठ होते.

हल्ली कुणी स्मार्ट कंट्रोल मागायला आलं की वाय-फायचं मी नंतर विचारते. आधी विचारते, “झोपताना बटनं कोण बंद करतं?” ‘कुणीच नाही’ असं उत्तर आलं, तरच ॲपवाला दाखवते.