खळ्यावरचं घर आणि रंजीचे शब्द

फोन रंजीच्याच नंबरावरून आला, म्हणून उचलल्या उचलल्या मी म्हटलं, "बोल गो, आज सकाळीच आठवण झाली?" तर पलीकडून तिचा भाऊ बोलला. "सुमनताई... आमची ताई गेली." भाजी चिरत होते. हातातलं वांगं तसंच धरून ओट्यावर बसले. त्याला आता महिना उलटून गेला, पण अजूनही मी फोन पालथाच ठेवते. वाजला की आधी तिचंच नाव दिसेल असं वाटतं, आणि मग उगाच थकायला होतं.

रंजना माझी शाळेतली मैत्रीण. तिचे वडील भातसानगरला धरणावर कामाला, म्हणून ती कॉलनीतली. आम्ही शेजारच्या गावातले भातशेतीवाले. लग्न होऊन मी इकडे मुरबाडला, सिद्धगडाच्या पायथ्याशी आले. तिनं लग्न केलं नाही. शहापुरात एका ऑफिसात टायपिंग करता करता निवृत्त झाली, आणि त्या वयात बायका देवळं धरतात तसा तिनं कॉम्प्युटर धरला. बघून बघून वेबसाइट बनवायला शिकली. रिकामी बसली की चिडचिड करायची, शिकत असली की गोड बोलायची. असं तिचं होतं.

माझा मुलगा प्रदीप आणि सून वैशाली यांनी गडावर येणाऱ्यांसाठी घराच्या खोल्या काढल्या. राहायचं, जेवायचं, सकाळी गड चढायचा. माणसं आली तर ही दोघं इथं राहणार. नाही आली तर प्रदीप कंपनीत लागणार, बदलापूरला खोली घेणार, आणि एवढ्या घरात मी एकटी. मी कुणाला बोलले नव्हते, पण रंजीला न बोलता कळायचं.

प्रदीपनं हौसेनं पहिली वेबसाइट केली. नाव दिलं 'खळ्यावरचं घर'. खाली लिहिलं, नारायणबुवांच्या नातवाचं घर, चिंचेच्या पुढे. आमच्याकडे पत्ता असाच सांगतात ना... कुणाचा कोण ते आधी, रस्ता मागून. आजूबाजूच्या गावांत कुणालाही विचारा, घरापर्यंत आणून सोडतील. पण फोन काही येईना. रंजी आली, तिनं ते पान बघितलं आणि ठसका लागेपर्यंत हसली.

"सुमे, ही वेबसाइट हाय का लग्नाची पत्रिका? नारायणबुवाला डोंबिवलीत कोण वळखतं गो?"

"मग काय लिवायचं?" मी म्हटलं. मला रागच आला होता.

"ज्याला तू म्हायतीच नाय, तो घरी बसून काय टाइप करील, ते लिव."

मग तिनं माझ्याच हातात फोन दिला. शोधायच्या चौकटीत 'सिद्धगड' लिही म्हणाली, आणि थांब. मी थांबले, तर खाली आपोआप ओळी पडल्या... सिद्धगडला कसे जायचे, सिद्धगड इतिहास, सिद्धगड राहण्याची सोय. "ह्ये लोकांनी इचारलेलं हाय. आपल्या मनातलं नाय," रंजी म्हणाली. नुसत्या 'सिद्धगड' शब्दावर मोठ्या मोठ्या वेबसाइटी बसलेल्या, तिथं आपल्याला कोण उभं करणार? पण 'सिद्धगड पायथ्याशी राहण्याची आणि जेवणाची सोय' एवढं लांबलचक शोधणारे थोडे असले, तरी त्यांनी पिशवी भरायला घेतलेली असते. इतिहास शोधणाऱ्याला वाचायचं असतं, त्याला भाकरी वाढून उपयोग नाही. एका पानावर एकच विषय. आधी, शोधल्यावर वर दिसणारी पानं वाचायची, त्यांनी काय सांगितलं नाही ते आपण सांगायचं. प्रदीपनं उत्साहाच्या भरात तीच ओळ प्रत्येक वाक्यात घातली, तर त्यालाही बोलणी बसली. "वाचनारं मानूस हाय रे, कोंबडी नाय. त्येच त्येच दाने नको टाकू."

तशी तीही चुकली बरं का. थंडीत म्हशाची जत्रा भरते, तेव्हा लोक मुक्काम शोधतात हे तिनं हेरलं आणि 'म्हसा जत्रा मुक्काम' असं नवं पान करायला लावलं. पान झकास वर आलं. लगेच फोन आला, "तीन मान्सं आन् एक जोडी." वैशालीला वाटलं नवराबायकोची जोडी, तिनं कोऱ्या चादरी काढल्या. संध्याकाळी बघते तर खळ्यात बैल! जत्रेतल्या बैलबाजाराला निघालेली माणसं ती. "पेंढा हाय ना, वयनी?" म्हणून त्यातले एक बाबा विचारतायत. रंजी तेव्हा आमच्याकडेच, नेहमीसारखी मागच्या खोलीत मुक्कामाला होती. मी म्हटलं, "घे, तुझा शब्द चार पायांनी चालत आला." ती कपाळाला हात लावून म्हणाली, "किती जन शोधतात ते बघितलं गो, कोन शोधतंय ते नाय बघितलं." बैलांना पेंढा घातला, माणसांना पिठलं वाढलं. त्या रात्री चांगली करमणूक झाली.

हळूहळू पाहुणे येऊ लागले. आणि रंजी आजारी पडली. शेवटची भेटले तेव्हा ती पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. मला वाटलं झोपलीय. तर हळूच म्हणाली, "काजव्यांचं पान वर घेतलं का? आता पावसाच्या तोंडावर काजवे बघायला जागा शोधायला लागतील लोक."

"तू गप पड गो."

"मी पडते... लोक थांबतात व्हय?"

ती गेल्यावर कुणी पानांना हात लावला नाही. पाहुणे कमी झाले. परवा जेवताना प्रदीप म्हणाला, "आई, बंद करू या. तू पन थकलीस. कंपनीतून बोलावनं आलंय." थकले होतेच. भांडी, चादरी, परक्यांची उठबस... बंद म्हटलं असतं तर अंगाला बरंच वाटलं असतं.

दुसऱ्या दुपारी वैशालीचा फोन घेऊन बसले. काय मनात आलं कोण जाणे, लिहिलं, 'एकट्या बाईने' आणि थांबले. खाली ओळी पडल्या. एकट्या बाईने ट्रेकला जावे का. एकट्या बाईला राहायला सुरक्षित जागा. किती जणी विचारत होत्या! एकेक पान उघडून बघितलं. फोटो होते, रस्ते होते, दर होते. 'या' म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

वैशालीला हाक मारली. म्हटलं, "लिव. एकटी असाल तरी या. मागची खोली आहे, आतून कडी लागते, शेजारच्या खोलीत मी झोपते. एसटीनं आलात तर फाट्यावर घ्यायला येऊ."

तिचा अंगठा थांबला. "आई, मागची खोली? ती तर रंजूमावशीची."

"व्हय."

प्रदीप दारात उभा राहून ऐकत होता. आत जाऊन तेल घेऊन आला आणि मागच्या खोलीच्या गंजलेल्या कडीला घालत बसला. मी आणि वैशाली खोली झाडायला गेलो. उशाशी खिळ्याला रंजीची बॅटरी लटकत होती. काढू का, असं वैशालीनं नजरेनंच विचारलं.

"ऱ्हाऊ दे," म्हटलं. "येणारीला लागेल."