सारवताना चालणारा पाय

बयनाबाई जैनथजवळच्या एका खेड्यातल्या. वय त्रेचाळीस. घरी कापूस आणि थोडी ज्वारी. गावच्या शाळेत दुपारचं जेवण शिजवणाऱ्या दोघींपैकी त्या एक. दीडशे पोरांचा भात एकटीनं उतरवायची, असं त्यांचे यजमान भारतराव पहिल्याच दिवशी मला म्हणाले. अभिमानानं नव्हे, तक्रारीच्या सुरात. कारण आता चार पावलं टाकायलाही त्यांना भिंत धरावी लागत होती.

सासू तीन आठवडे आदिलाबादला दवाखान्यात होत्या, तेव्हा त्यांच्या उशाशी बयनाबाईच होत्या. सासू बऱ्या होऊन घरी आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बयनाबाई उठल्या, तर डावा पाय फरफटत येऊ लागला. मार नाही, ताप नाही. एमआरआय झाला, नसांची तपासणी झाली, सगळं नॉर्मल. मेंदूच्या डॉक्टरांनी नीट तपासून निदान लिहिलं, 'फंक्शनल', म्हणजे मेंदूचा हुकूम पायापर्यंत नीट न पोचण्याचा आजार, आणि व्यायामासाठी माझ्याकडे, फिजिओथेरपीला, पाठवलं. घरच्यांनी मात्र एवढंच ऐकलं, की रिपोर्टात काही नाही.

त्यातच नणंद प्रतिभा माहेरी आली. तिनं बयनाबाईंना अंगण सारवताना पाहिलं. उकिडव्या बसून शेणाचा हात फिरवत त्या मागं मागं सरकत होत्या, आणि डावा पाय उजव्याइतकाच सहज मागं जात होता. झालं. प्रतिभानं गावभर सांगितलं, "वहिनी सोंग करून राह्यली."

"मॅडम, पाय नाही आला तरी चालन," बयनाबाई मला म्हणाल्या, "पण मी खोटी नाही, हे यायले सांगा."

भारतराव हाताची घडी घालून खुर्चीत बसले होते.

मी बयनाबाईंना पाठीवर झोपवलं आणि भारतरावांचा तळहात त्यांच्या डाव्या टाचेखाली ठेवला. "टाच खाली दाबा," मी बयनाबाईंना सांगितलं.

"काहीच जोर नाही," भारतराव म्हणाले.

मग मी बयनाबाईंना उजवा पाय वर उचलायला सांगितला आणि तो वरून हातानं दाबून धरला. भारतराव दचकले. डावी टाच त्यांचा हात गादीत रुतवत होती.

"पाहा! ताकद आहेच ना मॅडम. म्हंजे सोंगच!"

चूक माझी होती. आधी समजावून मग दाखवायला हवं होतं. मी सांगू लागले, की पाय आणि नसा शाबूत आहेत. लक्ष दुसरीकडे असलं की पाय आपोआप चालतो. उचलायचा म्हणून उचलायला गेलं की मेंदूचा हुकूम वाटेत अडकतो. कधी मोठ्या ताणानंतर असं होतं, कधी कारण सापडतही नाही. पण माणूस ते मुद्दाम करत नाही. सारवताना पाय चालणं हीसुद्धा या आजाराचीच खूण आहे.

भारतरावांचा चेहरा जसाच्या तसा.

बयनाबाई कोपरावर टेकून उठल्या. "पैनगंगेले पूर आला तवा पुलावर आपली गाडी बंद पडली. पाणी चढून राह्यलं होतं. मी वरडत होती, उतरा, चला. तुमी काऊन नाही हलले?"

"पाय उचलतच नव्हते ना व."

"लंगडे होते का?"

"नाही."

"मंग सोंग करत होते?"

भारतरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग टाचेकडे. "ते दोन मिनिटाची गोष्ट होती," ते पुटपुटले.

"माही दोन महिन्याची आहे."

मग भारतरावांनी विचारलं, "मॅडम, आता काय कराचं मंग?"

"आधी प्रतिभाले फोन लावा," उत्तर बयनाबाईंनीच दिलं.

"घरी गेल्यावर लावतो."

"इथंच. स्पीकरवर."

त्यांनी लावला. "हे पाह्य प्रतिभा, वहिनीचं दुखणं खरं आहे. मी हात लावून पाह्यलं."

"मंग दादा, सारवताना पाय कसा चालत होता?"

"तुले फोनवर नाही समजणार, मलेच आत्ता समजलं. पण गावात तू बोलली ना, आता गावात सांगाचं बी तूच."

प्रतिभानं गावात काय सांगितलं, मला ठाऊक नाही. भारतराव मात्र दर मंगळवारी बयनाबाईंना घेऊन येत राहिले. आधी मागं चालणं, मग बाजूला, मग नजर समोर ठेवून पुढं. चौदा आठवड्यांनी बयनाबाई शाळेत कामावर गेल्या. दमल्या की पाय अजून थोडा फरफटतो. तसं त्या घरात सांगतात, आणि घरचे ऐकून घेतात.