मांगरात बघितलेल्या फिल्मा

"एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे," समुपदेशक बाई म्हणाल्या. महिनाभर ताप हटेना म्हणून रक्त दिलं होतं. माझ्या तोंडून पहिलं काय निघालं? "कधीपासून?" मेला चौकसपणा, मरेपर्यंत जायचा नाही! तारीख कळत नाही, बाई म्हणाल्या. पण रोज गोळी घ्या, चांगले म्हातारे व्हाल.

मग सीडी-फोर, म्हणजे हा विषाणू ज्या पांढऱ्या पेशी खातो त्यांची मोजणी. बाकावर वाट बघताना मोबाइलवर शोधलं, तर दहा-दहा मिनिटांचे माहितीपट निघाले. परदेशातले, चाळीसएक वर्षांपूर्वीचे. पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष एड्सने मरत होते. माझ्यासारखेच. शाळेत किल्ल्यांच्या सनावळ्या घोकल्या, पण आपल्यालाही इतिहास असतो हे एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं.

देवगडला आमची हापूसची बाग. पेटी भरताना डागी आंबा आधी बाजूला काढायचा, ही हाताची सवय. मी स्वतःलाच काढलं. राखणीचं निमित्त करून बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणदाराच्या खोपीत, राहायला गेलो. आई डबा आणायची, मी आतून ओरडायचो, "उंबऱ्यार ठेव, आये!" एकत्र जेवून, शिवून हा आजार लागत नाही, डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी भ्यायलो. तुम्ही असं करू नका.

मांगरात मोबाइलवर त्याच फिल्मा बघत बसायचो. दहाव्या दिवशी एका फिल्ममध्ये इस्पितळातले लोक रोग्याचं ताट दाराबाहेर ठेवून पळत होते. मित्रच मित्रांना न्हाऊमाखू घालत होते. मी त्या पळपुट्यांना सणसणीत शिव्या घातल्या. मग दार उघडलं, तर उंबऱ्यावर माझा डबा. अरे गाढवा! त्यांच्यापाशी औषध नव्हतं. तुझ्यापाशी आहे की!

डबा उचलून घरी गेलो. आईला सगळं सांगितलं, आजाराचं आणि पुरुषांचंही. ही आता मला घरात ठेवते की नाही, ही धास्ती. पुढे बोलवेना, म्हणून तीच फिल्म लावून मोबाइल तिच्या हातात दिला.

तिने डोळ्यांजवळ धरून पुरी बघितली. शेवटी एक माणूस खाटेवरच्या आजाऱ्याचे पाय चेपत होता.

"ह्यो तेचो कोण?"

"तेचो माणूस."

"मगे तुझो खंय आसा?"

लग्न का करत नाही, याची उत्तरं मला तोंडपाठ होती. तुझा माणूस कुठे आहे, हे कुणी विचारलंच नव्हतं. "नाय आसा, आये," म्हणालो आणि ढसाढसा रडलो. तिने जवळ घेतलं.

सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, तपासणीत सापडेना इतका कमी झाला. गोळी न चुकवता तो असाच राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागत नाही, डॉक्टर म्हणाले. घरी येऊन आईला समजावलं.

तिने नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे आता शोधूक हरकत नाय."