निळ्या खडूची खूण

खडूकाकांना हे नाव त्यांच्या पुतणीनं दिलं, ती सहा वर्षांची असताना. शाळा सुटली की ती शिंप्याच्या दुकानात, म्हणजे बाबांच्या आणि काकांच्या दुकानात, टेबलाखाली बसून चिंध्या गोळा करायची. बाबा दुपारी घरी जेवायला गेले की काका रोज तोच खेळ करायचे. टेबलावर कोरं कापड पसरायचे, पांढऱ्या खडूनं सुरेख रेघा आखायचे, दोन पावलं मागे सरकून मान वाकडी करून बघायचे, आणि मग ब्रश फिरवून सगळं पुसून टाकायचे. बाबा परत यायच्या आत कापड पुन्हा घडी होऊन जागेवर. "कापतात बाबा. काका नुसता खडूचा आहे," असं तिनं एकदा भर गिऱ्हाइकांत जाहीर केलं. ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

काका त्यावर सगळ्यांत मोठ्यानं हसले होते. माणूसच तसा. स्वतःवरचा विनोद दुसऱ्यानं संपवला तर यांना वाईट वाटायचं.

दुकान होतं दोघा भावांचं. थोरल्याला सगळे मास्टर म्हणत. ते मापं घेत आणि कापड बेतत. खिडकीशी लांब टेबल, त्यावर वडिलांच्या वेळची जड कात्री आणि निळ्या खडूचा तुकडा, हे मास्टरांचं राज्य. धाकटे खडूकाका मागच्या दोन मशिनींवर शिवायचे, आणि जुन्या कपड्यांची दुरुस्ती करायचे. त्या कामात त्यांचा हात धरणारा त्या रस्त्यावर कुणी नव्हता. उंदरानं कुरतडलेली बाही, इस्त्रीनं जळालेली पाठ, दारात अडकून फाटलेला कोट, काहीही आणा. काका चष्मा कपाळावर सरकवत, "अरेरे, काय दशा केलीय बिचाऱ्याची," म्हणत आणि कचाकच कात्री चालवून त्याला माणसात आणत. बिघडलेल्या कापडापुढे हा माणूस वाघ होता. कोऱ्या कापडापुढे मात्र पार शेळी.

याचं कारण चाळीस वर्षांपूर्वीचं. काका तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. वडिलांनी पहिल्यांदाच त्यांच्या हातात कात्री दिली आणि समोर मखमल ठेवली. मखमलीला लव असते. सगळे तुकडे एकाच दिशेनं कापावे लागतात, नाहीतर उजेडात एक तुकडा गडद दिसतो आणि एक फिका. काकांनी कापड वाचवायच्या नादात एक बाही उलटी बेतली. कोट शिवून झाला, गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं, आणि त्याचा एक हात दुसऱ्या कुणाचा तरी वाटायला लागला. वडील रागावले असते, दोन थपडा दिल्या असत्या, तर ते प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी काकांच्या हातातली कात्री काढून घेतली आणि थोरल्यापुढे ठेवली. बस. तेव्हापासून कोरं कापड दिसलं की काकांच्या पोटात गोळा यायचा.

मला तर वाटतं, त्या गोळ्यानं त्यांच्या आयुष्यातल्या बऱ्याच कोऱ्या गोष्टी गिळल्या. एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलगी त्यांना मनापासून आवडली होती. "जरा विचार करून सांगतो," म्हणाले, आणि विचार पुरा होईपर्यंत तिला दोन मुलं झाली होती. त्या मुलांचे शाळेचे कपडे काकांनीच शिवले, आणि प्रेमानं शिवले.

असंच चाललं असतं, पण दोन वर्षांपूर्वी मास्टरांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहा बशीत सांडायचा, मग रेघ हलायला लागली. डॉक्टर म्हणाले, आता हे असंच राहणार. मास्टरांनी त्या दिवशी कात्री आणि निळा खडू टेबलाच्या खणात ठेवले आणि ते खिडकीशेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. नवे कपडे बंद झाले. दुकान काकांच्या दुरुस्त्यांवर चाललं. मास्टर गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे आणि दिवसातून एकदा तरी म्हणायचे, "पंचेचाळीस वर्षांत माझी कात्री एकदा चुकलेली नाही." ते खरं होतं, आणि त्यांच्याकडे आता तेवढंच उरलं होतं.

आणि मग पुतणीला नोकरी लागली. लांब, थंडीच्या गावात. पंधरा दिवसांत निघायचं होतं. त्याच संध्याकाळी ती दुकानात आली ती एक कापड घेऊन. गडद हिरवं, लोकरीचं, घडीच्या खुणा पडलेलं. तिच्या आईनं ते कधीतरी घेऊन ट्रंकेत ठेवलं होतं, पोरीला नोकरी लागली की तिचा कोट करायचा म्हणून. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. ते कापड विणणारी गिरणीही केव्हाच बंद पडली होती. कोटापुरतंच होतं ते, वीतभरही जास्त नाही.

"काका, तू कापायचंस," ती म्हणाली.

काका दोन पावलं मागे सरकले. "अगं, समोरच्या गल्लीतला शिंपी चांगला बेततो. मी शिवतो ना."

"आईनं त्याच्यासाठी नव्हतं घेतलं."

वहिनीनं काकांना कधी दीर मानलंच नव्हतं, धाकट्या भावासारखं वागवलं होतं. काकांनी मान हलवली आणि कापड ठेवून घेतलं.

पहिल्या दिवशी काका म्हणाले, लोकरीचं कापड आधी पाण्यातून काढायला हवं, नाहीतर कोट आटेल. बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी ते वाळायला हवं होतं. तेही बरोबर. तिसऱ्या दिवशी कात्रीला धार लावून आणली. चौथ्या दिवशी उजेड कमी होता. पाचव्या दिवशी उजेड भरपूर होता, तर काकांच्या मते तो फार होता, डोळे दिपत होते. रोज टेबलावर कापड दुहेरी पसरलं जायचं, पांढऱ्या खडूनं कोट आखला जायचा, पाठ, पुढचे भाग, बाह्या, कॉलर, सगळं चोख. मग काका कात्री उचलायचे, पाती उघडायचे, आणि ब्रश हातात घ्यायचे. मास्टर खुर्चीतून सगळं बघत असायचे. मध्ये पडलो तर वडिलांनी कात्री काढून घेतली तसंच होईल, ही भीती त्यांना होती की काय कोण जाणे.

नवव्या दिवशी पुतणी आली. पुसलेलं कापड बघून ती स्टुलावर बसली. "काका, तुझी कात्री चुकेल याची मला भीती नाही रे," ती म्हणाली. "चुकली तर तू नीट करशील. मला भीती आहे ती मी तशीच निघून जाईन, आणि हे पुन्हा ट्रंकेत जाईल, याची."

ती गेल्यावर काकांना रडूच आलं. ते मागच्या नळावर तोंड धुवायला गेले, आणि तिथं बराच वेळ लावला.

परत आले तेव्हा मास्टर टेबलाशी उभे होते. थरथरत्या हातात कात्री होती. दुहेरी घातलेल्या हिरव्या कापडाच्या ऐन मध्यात बोटाएवढी लांब, वाकडीतिकडी चीर पडली होती. दोन्ही पदरांतून आरपार.

"घसरली रे," मास्टर म्हणाले. "म्हटलं, तुला जरा सुरुवात करून द्यावी. हात राहिला नाही."

"दादा! अरे काय केलंस हे!" काका ओरडले. उभ्या जन्मात ते थोरल्या भावावर पहिल्यांदाच ओरडले. त्यांनी मास्टरांना अक्षरशः बाजूला सारलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि कापडावर वाकले. "अरेरे, काय दशा केलीस बिचाऱ्याची!"

त्यानंतर काकांचे हात थांबले नाहीत. चीर वगळून कोट बसेना, कापडच तेवढं नव्हतं. मग त्यांनी पुढचे भाग चार बोटं वर सरकवले, बाह्या आडव्या करून पाहिल्या, परत उभ्या केल्या. आणि एकदम दिसलं. पुढचे भाग असे ठेवले तर ही चीर बरोबर खिशाच्या जागी येते. कापड चिरून आत पिशवी शिवायची, तसा खिसा. दोन्ही पदर फाटलेत ना, मग दोन्हीकडे खिसे! आधीच फाटलेल्या जागी असा खिसा बसवणं महाकठीण, पण शिवण्यात काकांना कोण अडवणार होतं? त्यांनी भराभर आखलं, कात्री घेतली, आणि पाठ कापली. पुढचे भाग कापले. बाह्या कापल्या. शेवटची कॉलर कापून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं. टेबलावर कोटाचे सगळे तुकडे सुटे पडले होते आणि ब्रश खिळ्यालाच लटकत होता.

मास्टर खुर्चीत डोळे मिटून बसले होते. झोपलेत असं काकांना वाटलं.

पुढचे दोन दिवस दुकानात येईल त्याला मास्टर स्वतःहून सांगत होते, "माझी कात्री चुकली बरं का. पोरीच्या कापडावर चुकली. यानं निभावून नेलं." काकांना भावाची दया यायची. पंचेचाळीस वर्षांचा मान असा चव्हाट्यावर मांडतात म्हणजे काय!

तिसऱ्या दिवशी अस्तर लावण्याआधी काका कोटाच्या आतल्या बाजूचा पांढरा खडू ब्रशनं झटकत होते. पांढरा खडू एका फटक्यात जातो, म्हणून तर त्यांनी जन्मभर तोच वापरला. तो गेला. त्याच्याखाली, खिशाच्या बरोबर दोन टोकांना, दोन बारीक ठिपके राहिले. निळे.

काकांनी पुन्हा झटकलं. निळा खडू असा जात नाही. मास्टरांना पुसायची वेळ कधी आलीच नव्हती.

काकांनी ब्रश खाली ठेवला. आता त्यांना आठवलं, घसरलेली कात्री कडेला लागते. कापडाच्या मध्यात टोक खुपसल्याशिवाय चीर पडत नाही. हे त्यांना चाळीस वर्षं ठाऊक होतं आणि त्या दिवशी एकदाही सुचलं नव्हतं. त्यांचा आराखडा रोज त्या खुर्चीतून बघणाऱ्या माणसानं खिशाची जागा मापून घेतली होती, ठिपके दिले होते, थरथरता हात दुसऱ्या हातानं कसाबसा धरला होता, आणि जे एकच उरलं होतं ते देऊन टाकलं होतं.

काका मास्टरांजवळ गेले नाहीत. ते ठिपके तसेच ठेवून त्यांनी अस्तर लावलं.

पोरगी कोट घालून निघाली, दोन्ही हात खिशांत घालून, आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत तिनं ते बाहेर काढले नाहीत. शेवटी हात हलवायला एक काढला तेवढाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गिऱ्हाईक जाकिटाचं कोरं कापड घेऊन आलं. काकांनी त्याला नाही म्हटलं नाही. मापं घेतली, कापड टेबलावर पसरलं, आणि सवयीनं त्यांचा हात क्षणभर हवेत थांबला. खुर्ची करकरली. मास्टर उठून टेबलाशी आले होते, आणि त्यांचा थरथरता हात गुपचूप कात्रीकडे सरकत होता.

काकांनी कात्रीवर आपला हात ठेवला.

"नको, दादा," ते म्हणाले. "पंचेचाळीस वर्षांत एकदाच चुकलीय. एकदाच राहू दे."

मास्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ते परत खुर्चीत जाऊन बसले आणि रस्त्याकडे तोंड करून त्यांनी दोनदा नाक ओढलं.

काकांनी खण उघडला, निळा खडू काढला आणि कापडावर पहिली रेघ ओढली.