निकाल लागेपर्यंत

ठाकुर्लीच्या सरोज टिपणीस पासष्टीला आल्या तरी पायांनी खुटखुटीत होत्या. बालवाडीत एकतीस वर्षं पोरांमागे धावलेल्या. निवृत्तीनंतरही भाजीला मुद्दाम डोंबिवलीपर्यंत चालत जायच्या. नवरा गेल्यापासून मुलगा साकेत आणि सून आसावरीकडे राहत होत्या.

दिवाळीच्या सुटीत तिघं समुद्रकाठच्या एका रिसॉर्टवर गेले. खोलीबाहेर पाय धुवायचा नळ होता आणि खालच्या फरशीवर शेवाळ माजलं होतं. धरायला कठडा नाही, सूचनेची पाटी नाही. सरोजताईंचा पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. मॅनेजर म्हणाला, "बघून चालायला पाहिजे होतं." साकेतने आधी फरशीचे फोटो काढले, मग आईला उचललं.

ऑपरेशन झालं. भरपाईसाठी त्याने ग्राहक आयोगात तक्रार टाकली. घरी व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपिस्ट प्रीती यायची. चौथ्या महिन्यात सरोजताई वॉकर धरून गॅलरीपर्यंत गेल्या. संध्याकाळी त्यांनी मोठ्या कौतुकाने ते साकेतला सांगितलं. त्याचा चेहरा पडला.

"हे बंद करायचं, आई. समोरच्यांनी कुणाकडून व्हिडिओ काढवला तर केस खल्लास. निकाल लागेपर्यंत व्हीलचेअर."

"वकील म्हणाले का असं?"

"वकील कशाला म्हणतील? मला अक्कल आहे ना."

"अरे, पण मला चालता येतंय."

"तेच कुणाला दिसायला नको."

प्रीतीने बजावलं, सांधा आखडला तर पुन्हा सुटायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून तिला नको म्हणून सांगण्यात आलं. सरोजताई दुपारी एकट्या असताना ओटा धरून उभ्या राहायच्या. आसावरीने एकदा पाहिलं आणि वॉकर माळ्यावर गेला. ज्याच्या घरात राहायचं त्याच्याशी वैर कसं घ्यायचं, या विचाराने त्यांनी वॉकर परत मागितला नाही.

दीड वर्षाने ठाण्यात साक्ष झाली. समोरच्या वकिलाने भरल्या खोलीत विचारलं, "आजी, लघवी आवरत नाही म्हणून धावत सुटला होतात ना?" सरोजताईंना रडू फुटलं. परतताना गाडीत साकेत म्हणाला, "रडलीस ते बरं झालं."

तिसऱ्या वर्षी निकाल बाजूने लागला. भरपाई मात्र साकेतच्या अपेक्षेच्या निम्मीही नव्हती. त्याने माळ्यावरून वॉकर काढला.

"ऊठ आई, आता कुणी बघत नाही."

त्या अर्ध्या उठल्या. गुडघा सरळ होईना. पुन्हा जोर केला आणि पलंगावर कोसळल्या.

"मनापासून करतच नाहीत," आसावरी म्हणाली.

शेवटी प्रीतीला बोलावलं. तिने पाय दाबून पाहिला, खुबा आणि गुडघा दोन्ही वळवून पाहिले आणि साकेतकडे न बघता म्हणाली, "ताई, फार उशीर झाला हो." सरोजताईंनी तिचा हात घट्ट धरला. तो सोडवून घ्यायला प्रीतीला बराच वेळ लागला.

ती गेली तसा साकेत गॅलरीत फोनवर बोलू लागला. वकिलाला विचारत होता, भरपाई वाढवून मागायला अपील करायचं, तर आईची आत्ताची अवस्था त्यात घालता येईल का. मग त्याने आत डोकावून सांगितलं, "आई, उद्या नवीन एक्स-रे काढायचेत."

"अजून किती वर्षं रे?" सरोजताईंनी विचारलं.

"दोनेक," तो म्हणाला आणि पुन्हा फोनवर बोलू लागला.